हिमगौरीची ‘मूळ’ गोष्ट कोणती?

प्रश्न : माझी नात दुसरीत शिकते. तिच्या आईने तिच्यासाठी परीकथांचे एक नवे पुस्तक आणले आहे. त्यात हिमगौरी राजपुत्राला लग्नासाठी नकार देते आणि लाल टोपीवाली मुलगी लांडग्याच्या तावडीतून स्वतःच निसटते. सूनबाईंचे म्हणणे असे, की जुन्या गोष्टी मुलींना मुकाट्याने वाट पाहायला शिकवतात, म्हणून त्या घरात नकोत. शेकडो वर्षे टिकलेल्या मूळ गोष्टींत असे फेरफार करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मला वाटते. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : सूनबाईंची काळजी रास्त आहे, पण त्यांचा उपाय मला पटत नाही. तुमचा आक्षेप ज्या ‘मूळ’ गोष्टीवर उभा आहे, ती मात्र शोधू गेल्यास सापडत नाही.

लाल टोपीवालीचेच पाहा. तिची सर्वांत जुनी छापील गोष्ट १६९७ साली पॅरिसमध्ये फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या संग्रहात आली. त्यात लांडगा आधी आजीला खातो, मग मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला सोडवायला कोणीही येत नाही. खाली एक पद्य जोडलेले आहे. देखण्या, चांगल्या घरच्या मुलींनी वाटेल त्याचे बोलणे ऐकू नये, आणि गोड बोलणारे लांडगे सर्वांत घातक असतात, असा त्याचा आशय. म्हणजे जिवाला मुकलेल्या मुलीलाच वर दोष देऊन पेरो मोकळे होतात. याच गोष्टीचे एक तोंडी रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या निव्हेर्ने भागात लिहून घेतले गेले. त्यातली मुलगी अंथरुणात कोण आहे हे ओळखते आणि परसाकडे जायचे निमित्त सांगते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला बाहेर सोडतो. ती दोरी प्लमच्या झाडाला बांधते आणि घर गाठते. पेरोंनी अशाच एखाद्या तोंडी कथेवर दरबारी संस्कार केले असावेत, असे लोककथांचे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर तुमच्या नातीच्या नव्या पुस्तकातली मुलगी पेरोंच्या मुलीहून वयाने मोठी ठरते.

लांडग्याचे पोट कापून दोघींना बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या जर्मन संग्रहात भेटतो. त्या गोष्टीला एक शेपूटही आहे, आणि मुलांच्या पुस्तकांतून ते जवळपास नेहमीच गाळले जाते. पुढे दुसरा एक लांडगा मुलीला वाटेत गाठतो. ती त्याचे न ऐकता थेट आजीकडे जाते आणि दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजीने आदल्या दिवशी सॉसेज उकडलेले असतात. त्याचे पाणी ती नातीकडून दाराबाहेरच्या दगडी कुंडात भरून घेते. वासाने लांडगा वाकतो, घसरतो आणि कुंडात बुडून मरतो. शिकारी नाही, राजपुत्र नाही. आपल्या ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मधल्या म्हातारीला ही जर्मन आजी नक्कीच आवडली असती. ग्रिम बंधूंनी छापलेला हा प्रसंग वगळून शिकारी तेवढा ठेवणे, हाही फेरफारच आहे. फक्त तो जुना असल्यामुळे आपल्याला खुपत नाही.

स्वतः ग्रिम बंधूंनीही आपल्या गोष्टींना सतत हात लावला. १८१२ ते १८५७ या काळात त्यांच्या संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि बहुतेक संस्करण धाकट्या विल्हेल्म यांनी केले. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल या बहीणभावांना रानात सोडायला लावणारी आई १८४० साली सावत्र झाली. जन्मदात्री निर्दय असू शकते, ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाला झेपणारी नव्हती. आई पवित्र ठेवायची तर पाप कोणाच्या तरी माथी मारावे लागते, आणि ते दुसरेपणाने घरात आलेल्या बाईच्या माथी मारणे सर्वांत सोपे होते. मनोऱ्यात कोंडलेली आणि आपल्या लांब केसांनी इतरांना वर ओढून घेणारी रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत जादूगारणीला भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे असे घट्ट का होऊ लागले आहेत? राजपुत्राच्या भेटींचा परिणाम त्यातून उघड होतो. पुढच्या आवृत्तीत हा प्रश्न गेला आणि राजपुत्रापेक्षा तुम्ही वर ओढायला इतक्या जड कशा, एवढेच ती विचारते.

सर्वांत मोलाची बाब याहून बारीक आहे. रूथ बॉटिगहायमर या अमेरिकी संशोधिकेने ग्रिमांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून कोण किती बोलते ते तपासले. आवृत्तीगणिक चांगल्या मुलींच्या तोंडची वाक्ये कमी होत गेली आणि पुरुषांच्या व चेटकिणींच्या तोंडची वाढत गेली, असे त्यांना दिसले. जी बोलते ती वाईट, ही समजूत कोणीही स्पष्ट न सांगता अशी पानोपानी झिरपते. ‘सहा हंस’ या गोष्टीत तर भावांना पुन्हा माणूस करण्यासाठी बहिणीला सहा वर्षे न बोलता, न हसता सदरे शिवावे लागतात. सूनबाई ज्याला ‘मुकाट्याने’ म्हणतात ते इथे अक्षरशः खरे आहे.

मग नवे पुस्तक उत्तम का? तसेही नाही. हिमगौरीने लग्न नाकारले, पण दोन स्त्रियांची रूपावरून लागलेली स्पर्धा जशीच्या तशी राहिली, तर बदल वरवरचाच झाला. आरसा मुलीला राणीहून सुंदर ठरवतो तेव्हा ग्रिमांच्या गोष्टीत ती अवघी सात वर्षांची असते, म्हणजे तुमच्या नातीच्या वयाची. आरशातून बोलणारा तो आवाज कोणाचा, हा प्रश्न सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार या समीक्षकांनी १९७९ साली विचारला. त्यांच्या मते तो गोष्टीत क्वचितच दिसणाऱ्या राजाचा, म्हणजे पुरुषाच्या नजरेचा आवाज आहे. नायिकेच्या हाती तलवार देण्यापेक्षा हा आरसा हलवणे अधिक अवघड आहे, आणि बऱ्याच नव्या लेखकांना ते जमलेले नाही. चुंबनाने जागी होणाऱ्या हिमगौरीला मूळ मानून तिच्याशी भांडणेही व्यर्थ आहे. ग्रिमांकडे सेवक शवपेटी नेताना ठेचकाळतात आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. ते चुंबन १९३७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटाने घरोघरी पोचवले.

तेव्हा दोन्ही पुस्तके घरात ठेवा आणि नातीला दोन्ही वाचून दाखवा. एका गोष्टीने मूल बिघडत नाही की सुधारत नाही, पण एकच गोष्ट एकाच रूपात पुन्हा पुन्हा ऐकली, की ती जगाची रीत वाटू लागते. गोष्ट सांगणाऱ्यागणिक बदलते, हे दुसरीतल्या मुलीला सहज कळते. कदाचित तिसरे रूप ती स्वतःच सांगेल, आणि त्यात आजोबांना कोणते काम मिळेल याची तयारी ठेवा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला परीकथा फार आवडतात, पण घरातले लोक ‘या मुलींच्या गोष्टी’ म्हणून त्याला हसतात. त्याला काय वाचून दाखवावे?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : हसणाऱ्यांनी ग्रिमांचा संग्रह उघडलेला नसावा. त्यातल्या दोनशेहून अधिक कथांपैकी राजकन्यांच्या मोजक्याच प्रसिद्ध झाल्या, म्हणून हा समज रूढ झाला. ‘राणीमाशी’ या गोष्टीतला भोळा धाकटा भाऊ थोरल्यांच्या हातून मुंग्या, बदके आणि मधमाश्या वाचवतो, आणि पुढे तेच जीव त्याची अशक्य कामे पार पाडतात. ‘सोनेरी हंस’मधला धाकटा आपली शिदोरी एका म्हाताऱ्याला वाटून देतो, म्हणून त्याचे भाग्य उजळते. तलवारीपेक्षा दयेने जिंकणारे असे मुलगे या संग्रहात बरेच आहेत, आणि मुलग्यांसाठी पुस्तके निवडताना त्यांचीच आठवण सर्वांत कमी ठेवली जाते. ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ही जरूर वाचून दाखवा, मात्र चेटकीण भट्टीत गेल्यावर थांबू नका. परतीच्या वाटेवर पाणी आडवे येते, तेव्हा ग्रेटेल बदकाला हाक मारते. हान्सेल तिला आपल्याबरोबरच पाठीवर बसायला सांगतो. तिला ते पटत नाही. बदकाला दोघांचा भार होईल, त्याने एकेकाला न्यावे, असे ती म्हणते, आणि हान्सेल ते ऐकतो.