विनोदबुद्धी चांगली असली की स्मरणशक्तीही चांगली असते का?

तुमच्या रूममेटला जागच्या जागी कोट्या सुचतात आणि जुने प्रसंगही जसेच्या तसे आठवतात. या दोन्हींचा काही संबंध आहे का आणि पाठांतरासाठी विनोदाचा उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. मी पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'सरसकट तसं म्हणता येत नाही', दुसऱ्याला 'हो, पण जपून'.

न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या ४०० विद्यार्थ्यांकडून ग्रीनग्रॉस आणि मिलर यांनी व्यंगचित्रांसाठी ओळी लिहून घेतल्या होत्या. २०११ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांची शब्दसंपत्ती दांडगी, त्यांच्या ओळी जास्त विनोदी ठरल्या. म्हणजे विनोद सुचण्याचं नातं आधी भाषेशी आहे. प्रसंग आठवण्यामागचं कारण मला वेगळं वाटतं. अशी मुलं एकच किस्सा मेसमध्ये सांगतात, कट्ट्यावर सांगतात, घरी फोनवरही सांगतात. दर खेपेला आठवून सांगितलं की आठवण पक्की होत जाते. मात्र रंगवून सांगताना तिखटमीठ लागतंच, आणि पुढे सांगणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. तेव्हा 'जसेच्या तसे' यावर फार विसंबू नका.

पाठांतराचं मात्र नीट समजून घ्या. स्टीफन श्मिट यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विनोदी आणि साधी वाक्यं सरमिसळ करून दिली होती. विनोदी वाक्यं जास्त आठवली, पण त्यांच्या शेजारची साधी वाक्यं मागे पडली. एका गटाला सगळीच विनोदी आणि दुसऱ्याला सगळीच साधी वाक्यं दिली, तेव्हा हा फायदा उरलाच नाही. लक्ष आणि मनातल्या मनात होणारी उजळणी विनोदी वाक्य आपल्याकडे ओढतं. त्याची किंमत शेजारचं वाक्य मोजतं.

वर्गात हे डोळ्यांसमोर घडतं. विषयाबाहेरचा विनोद मुलं वर्षभराने हुबेहूब सांगतात, आणि त्या तासाला काय शिकवलं विचारलं की एकमेकांकडे बघतात. याची दुसरी बाजू कॅप्लन आणि पॅस्को यांना १९७७ साली आढळली होती: व्याख्यानातला विनोद मुद्द्यालाच धरून असेल, तर तेवढा मुद्दा सहा आठवड्यांनंतरही जास्त लक्षात राहिला.

शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' आठवा. म्हणताना हसू येतं आणि प्रत्येक अक्षरामागे एकेक रंग उभा असतो, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, क्रमाने. 'कंचेभागुबेव'चंही तसंच. तुमच्या विषयातल्या ज्या व्याख्या पुन्हा पुन्हा निसटतात, तेवढ्यांनाच असं काहीतरी बनवा. पानभर कोट्या करू नका.

आणि रूममेटला कामाला लावा! मुद्दा त्याला समजावून सांगा, तो त्यावर कोटी करेलच. दोन दिवसांनी पुस्तक मिटून आठवून बघा. कोटीबरोबर मुद्दाही आठवला तर ती ठेवा, नुसती कोटीच आठवली तर दुसरी करायला सांगा.