पंचेचाळिशीत कराटे-ज्युदो सुरू करावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४५, नोकरी बैठी, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. मुलीला कराटेला सोडायला जाता तेव्हा आपणही उतरावंसं वाटतं. तर उतरावं का, शिकावं काय, आणि पोरांमध्ये हसं तर नाही ना होणार?

मी वडोदऱ्याचीच. चाळिशी उलटल्यावर ज्युदोला लागले, आता पन्नाशी पार केलीय. उतरा. फक्त मारायला शिकण्याआधी पडायला शिका, आणि क्लास निवडताना कराटे की ज्युदो यापेक्षा शिकवणारा कोण आहे ते बघा.

हसण्याचं आधी उरकते. दहा-बारा वर्षांची पोरं सुरुवातीला 'आंटी' म्हणून बाजूला सरकतात, आठवड्याभरात तुमची कॉलर धरून ओढायला लागतात. सर माझ्याहून बरेच लहान. ते मला 'बेन' म्हणतात, मी त्यांना 'सर'. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. खरा अवघडलेपणा घरी असतो, 'या वयात हाड मोडून घेशील' असं सासूबाई म्हणतात तेव्हा. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

बाईच्या हाडांची घनता पाळी जाण्याच्या आसपास झपाट्याने कमी होते. त्यात तोल गेला की आपण सगळेच हात पुढे टेकतो, शरीराचा सगळा भार मनगटावर येतो आणि तिथेच हाड मोडतं. ज्युदोत सुरुवातीचे कितीतरी दिवस याच सवयीवर काम चालतं. या पडण्याला 'उकेमी' म्हणतात. आधी पाठीवर आडवं होऊन, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला टेकलेली, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. श्वास सोडलेला. आणि हात टेकायचा नाही, तर पूर्ण हाताने मॅटवर थाप मारायची, शरीरापासून साधारण ४५ अंशांवर. दिसायला हे फार साधं आहे. पण 'हात पुढे टाक' ही जन्माची सवय मोडायला बरेच महिने जातात, आणि आठ वर्षांचं पोर ते चार दिवसांत शिकतं, तेव्हा थोडा राग येतो हे खरं.

म्हणूनच मॅट तपासा. सोसायटीच्या गच्चीवर किंवा शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर पातळ रबरी तुकडे जोडून क्लास चालत असतील, तर तिथे कराटेचे काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, करायला हरकत नाही. पण तिथे कुणी तुम्हाला उचलून टाकणार असेल तर नमस्कार करून परत या.

शिकवणारा कसा ओळखायचा? एक दिवस नुसतं बसून बघा. 'गुडघा दुखतो' असं कुणी म्हटल्यावर सर त्याला दुसरा व्यायाम देतात, की 'थोडं सहन करा' म्हणतात? मोठ्या माणसाची जोडी कुणाशी लावतात? सतरा-अठरा वर्षांच्या, स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाशी लावत असतील तर तो क्लास आपला नाही. जोडीदाराने दोनदा थाप मारली, म्हणजे 'टॅप' केलं, की पकड लगेच सुटते का? दर तीन महिन्यांनी बेल्टच्या परीक्षेची फी मागणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

कराटेच हवं असेल तर जरूर करा. लोक आधुनिक कराटेचे जनक मानले जाणाऱ्या गिचिन फुनाकोशींचं उदाहरण देतात: ओकिनावाहून १९२२ मध्ये ते टोकियोला कराटे घेऊन गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते. प्रेरणा घ्या, पण ते तिथे शिकवायला गेले होते, शिकायला नव्हे! तुमच्या गुडघ्याला कराटेतले खोल पवित्रे जड जातील. थोडे उंच उभे राहा, सरांना आधीच सांगून ठेवा. ज्युदोत गुडघ्यांवर बसणं त्रास देतं.

डॉक्टरांकडे बीपी-शुगर तर बघालच, पण चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्या. अशा डोळ्यांना मार किंवा धक्का लागला तर पडदा सरकण्याचा धोका जास्त असतो, आणि हे क्लासमध्ये कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे, दोन-तीन महिन्यांत दम वाढतो, जोर येतो आणि आपण सुसाट सुटतो. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. टाच आणि खांदा दुखायला लागतात ते तेव्हाच. आठवड्यातून दोन दिवस पुरे.

नवरात्रात नऊ रात्री गरबा आणि सकाळी क्लास हे दोन्ही करू नका. तसाही आपल्या वडोदऱ्यात त्या दिवसांत क्लास ओस पडतो. मात्र गरबा खेळणाऱ्यांचे पाय चांगले पडतात, हे आमच्या सरांनीही मान्य केलंय. उन्हाळ्यात चाळिशीपार पाऱ्यात ज्युदोचा जाड ड्रेस म्हणजे शिक्षाच, तेव्हा सकाळची बॅच घ्या.

आपटणं-आदळणं नकोच असेल तर लाठी शिका. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहेच. तिथले व्यायामगुरू राजरत्न माणिकराव यांच्यामुळे त्याचं नाव झालं, आणि ते हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. मोठ्यांना कोणत्या वेळी घेतात ते जाऊन विचारा. लाठीने मनगट, खांदे आणि पाय एकत्र चालायला लागतात, आणि कुणाच्या अंगावर पडावं लागत नाही.

स्वसंरक्षणाचं म्हणाल तर चाकू घेतलेल्या माणसासमोर माझं इतक्या वर्षांचं ज्युदो एवढंच सांगेल: पर्स टाक आणि पळ. पळण्याचा दम मात्र आता आहे.

पहिल्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरी ठेवून जा, नखं कापा. ड्रेस लगेच विकत घेऊ नका, महिनाभर ट्रॅकपँटवर चालतं.