बेसाचा प्लॉट विकून फ्रेंच शाळा?

ताई, मुलीला पहिलीपासून फ्रेंच-इंग्रजी द्वैभाषिक इंटरनॅशनल शाळेत घालायचं, त्यासाठी नागपूरजवळच्या बेसाचा प्लॉट विकावा का, असं तुम्ही विचारलंय. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३५,०००, घराचा हप्ता ३६,०००, शाळेची फी वर्षाला साडेतीन लाख. मागून धाकटा आहेच.

माझं मत: विकू नका.

फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते असं धरा. आठवीत ती ६,८०,००० च्या पुढे जाते आणि पहिली ते दहावीची बेरीज होते जवळपास ५६ लाख. हे एकट्या मुलीचं. धाकट्याला साध्या शाळेत घालून तिला तिकडे पाठवणं तुमच्या घरात चालेल, असं मला वाटत नाही. प्लॉटचे २८ लाख येतील म्हणता; कर भरून उरलेली रक्कम एफडीत ठेवली तरी सहावीपर्यंतच पुरेल. नेमकं तेव्हा शाळा बदलावी लागली, तर गणित-विज्ञान अर्धं फ्रेंचमध्ये शिकलेली पोर सीबीएसईच्या सातवीत चाचपडेल. ट्यूशनचा खर्च वेगळाच.

'टॅक्सही वाचतो' असं शाळेवाल्यांनी सांगितलंय ना? शाळेच्या ट्यूशन फीवरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही पीएफ, एलआयसी सगळं धरून दीड लाखापर्यंत. तुमची मर्यादा पीएफ आणि गृहकर्जाच्या मुद्दलातच संपते.

फ्रेंच शिकूच नये असं नाही. डेल्फ, म्हणजे फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राची परीक्षा, कोणत्याही शाळेतल्या मुलाला देता येते. आठवी-नववीपासून नेटाने शिकली तर बारावीपर्यंत तिची सगळ्यात वरची पातळी, बी२, गाठता येते. गंमत म्हणजे, फ्रान्सच्या सरकारने २०१९ मध्ये सरकारी विद्यापीठांतली युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वाढवली, तेव्हाही पदवीसाठी ती वर्षाला २,७७० युरो ठरली. त्यानंतर थोडी वाढली, तरी तुमच्या पहिलीच्या फीपेक्षा कमीच आहे. राहण्याखाण्याचा खर्च मात्र मोठा, आणि पैसा लागेल तो तिथे.

म्हणून आत्ताच्या शाळेतच ठेवा. महिना १५,००० ची एसआयपी सुरू करा; १० टक्के परतावा धरला (हमी नाही) तर दहा वर्षांत ३० लाखांच्या आसपास जमतील.

तुमच्या यजमानांच्या कंपनीने फ्रान्समध्ये बदलीचं लेखी दिलं किंवा फी उचलली, तर मला पुन्हा लिहा. तोवर तरी डिपॉझिट भरू नका. शाळेला आधी विचारा: फ्रेंचमधून कितवीपर्यंत शिकवता, आणि मधेच मुलगी काढली तर डिपॉझिट परत मिळतं का? उत्तर लेखी घ्या.