जर्मनीत पहिली दोन वर्षं नोकरीच घे, कॉन्ट्रॅक्ट त्यानंतर

तुझा मेसेज दोनदा वाचला. ऐरोलीत नऊ वर्षं जावा बॅकएंड, घणसोलीच्या फ्लॅटचा हप्ता चालू, बायको आणि चार वर्षांची मुलगी, आणि हातात दोन पर्याय, म्युनिकच्या कंपनीची वर्षाला 62,000 युरोची पर्मनंट ऑफर किंवा एजन्सीमार्फत तासाला 75 युरोचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे फ्रीलान्स काम. "ताई, कॉन्ट्रॅक्टमध्ये दुपटीपेक्षा जास्त सुटतायत" असं लिहिलंयस. मी ठाण्याची, चरईतली. 2017 ला इथे आले, दोन वर्षं नोकरी केली आणि 2019 पासून कॉन्ट्रॅक्टवरच आहे, त्यामुळे मला त्याचं वावडं अजिबात नाही. तरी तुझी परिस्थिती बघून सांगते, आत्ता नोकरी घे.

आधी तो 75 चा आकडा. दिवसाचे 600 आणि ते तू 250 दिवसांनी गुणलेस म्हणून दीड लाख आले. पण शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्या काढून कामाचे दिवसच अडीचशेच्या आसपास राहतात, त्यात तुझी रजा, आजारपण, मुलीचं आजारपण, भारतवारी आणि दोन प्रोजेक्टच्या मधले रिकामे आठवडे यायचेत. मी चांगल्या वर्षात 190 धरते. म्हणजे झाले 1,14,000. त्यातून हेल्थ इन्शुरन्स अख्खा आपला, या कमाईवर महिन्याला हजार युरोच्या वर जातो, नोकरीत जवळपास अर्धा कंपनी भरते. पेन्शनचंही तसंच, पगाराच्या 18.6 टक्के आणि त्यातले अर्धे कंपनीचे. शिवाय टॅक्सवाला, आणि प्रोफेशनल लायबिलिटीचा, म्हणजे कामातल्या चुकीच्या भरपाईचा विमा. एवढं करूनही कॉन्ट्रॅक्टमध्ये जास्त उरतं, ते मी नाकारत नाही, पण दुप्पट नाही, आणि दर महिन्याला तर नाहीच.

विम्यात अजून एक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती. भारतातून थेट फ्रीलान्सर म्हणून आलास तर पब्लिक, म्हणजे सरकारी व्यवस्थेतल्या हेल्थ इन्शुरन्समध्ये शिरताच येत नाही, आधी इथे विमा असावा लागतो. मग प्रायव्हेट, आणि तिथे बायकोचा वेगळा, मुलीचा वेगळा हप्ता. नोकरीवर आलास तर या पगारावर तू आपोआप पब्लिकमध्ये जातोस, बायको कमवत नसेल तोपर्यंत ती आणि मुलगी तुझ्याच विम्यात, एक पैसा जास्त न देता. सलग 12 महिने असा विमा झाला की नंतर कॉन्ट्रॅक्टवर गेलास तरी पब्लिकमध्ये राहता येतं. तिघांच्या कुटुंबाला हे फार मोठं आहे रे.

व्हिसाचं बघ. 62,000 वर तुला ब्ल्यू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा परवाना मिळेल, त्याला किमान पगार लागतो, 2025 साली त्याची मर्यादा 48,300 होती आणि आयटीला त्याहूनही कमी. त्यावर B1 म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांत पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, A1 म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर 27 महिन्यांत. फ्रीलान्स परमिटवर साधारण पाच वर्षं, आणि तेवढ्या काळाचा पेन्शनचा भरणा किंवा त्याच्या तोडीची सोय दाखवायची. वर त्या परमिटला एकच क्लायंट घेऊन गेलास तर ऑफिसर पहिला प्रश्न तोच विचारतात, की हा धंदा आहे की लपवलेली नोकरी. इथे त्याला शाइनसेल्बस्टेंडिग्काइट म्हणतात, म्हणजे नावाला स्वतंत्र आणि प्रत्यक्षात एकाच साहेबाच्या हाताखाली, आणि त्याला इथल्या कंपन्या खूप घाबरतात. तुझ्या एजन्सीकडे एकच प्रोजेक्ट आहे ना, मग हे तुलाच लागू पडतं.

घरभाड्याचं तर विचारूच नको. म्युनिकमध्ये घरमालक पहिली गोष्ट मागतो ती मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. नवीन नोकरीवाल्याकडे निदान ऑफर लेटर असतं, नवीन फ्रीलान्सरकडे काहीच नसतं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेतात, तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच निघ.

माझं काय झालं ते सांगते. 2019 च्या मे मध्ये सुरू केलं तेव्हा टॅक्स ऑफिसच्या फॉर्ममध्ये अंदाजे नफा कमी लिहिला, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स किरकोळ लागला आणि खात्यात पैसे साठलेले बघून मला वाटलं जमतंय की. 2020 च्या मार्चमध्ये कोविडने प्रोजेक्ट एका फोनवर बंद, अडीच महिने शून्य बिल, मागच्या दोन बिलांचे पैसे एजन्सीने उशिरा दिले, आणि त्याच उन्हाळ्यात 2019 ची थकबाकी आणि चालू वर्षाचा वाढीव ॲडव्हान्स दोन्ही एकदम आले. चरईच्या घराच्या कर्जाचा हप्ता तेव्हा माझ्याच खात्यातून जायचा. बाबांना फोन करून दोन हप्ते भरायला सांगावं लागलं, ते अजून मनात आहे. तुझा घणसोलीचा हप्ता असाच ठरल्या तारखेला कापला जाणार, जर्मनीतलं बिल पास झालं की नाही ते बँक बघत नाही. नोकरीत असते आणि ती गेली असती तर बेकारी विम्यातून, बारा महिने भरण्यावर सहा महिने, निव्वळ पगाराच्या 60 टक्के मिळाले असते, मूल असेल तर 67.

म्हणून नोकरीवर ये, पीआर घे, सहा महिन्यांचा खर्च आणि सहा हप्ते वेगळ्या खात्यात टाक, मग राजीनामा. कॉन्ट्रॅक्ट सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत बेकारी विमा स्वेच्छेने चालू ठेवायचा अर्ज कर, ती मुदत गेली की परत मिळत नाही. बिलावरचे 19 टक्के व्हॅट आपले नसतात आणि उरलेल्यातले निदान 35 टक्के टॅक्ससाठी, ते दुसऱ्या खात्यात वळव, मी आता बिल जमा झाल्या दिवशीच वळवते.

आणि जर्मन आत्ताच सुरू कर, ऐरोलीच्या लोकलमध्ये का होईना, कारण 21 महिने की 27 हे त्यावरच ठरणार. ऑफर लेटर आलं की आकड्याखालचं वाच, प्रोबेशन सहा महिने असेल, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, आणि सुट्ट्या 28 पेक्षा कमी असतील तर मागून बघ, बहुतेकदा देतात. सही करायच्या आधी मला पाठव, रविवारी वाचून सांगते.