अवसाद, गाळ आणि समुद्रतळावरची धुरांडी

प्रश्न असा आहे: 'खोल समुद्रातल्या हायड्रोथर्मल व्हेंटबद्दलच्या लेखाचा अनुवाद करते आहे. एक वाक्य असं झालंय: जलतापीय विवरांभोवतीच्या सागरतळ अवसादांमध्ये जंतूंचे अधिवास आढळतात. इथे अवसाद बरोबर की गाळ? जंतू म्हणू की जीवाणू? आणि विवर चालेल का?'

हायड्रोथर्मल व्हेंट म्हणजे समुद्रतळातून तापलेलं पाणी जिथे बाहेर येतं ती जागा. वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. पण मोठ्याने वाचून पाहा. हे बोलणारा माणूस डोळ्यापुढे येत नाही, आणि समुद्राचा तळ तर मुळीच येत नाही. एकेक शब्द उचलून पाहू.

आधी अवसाद. शब्द घडवणाऱ्याने तो उत्तम घडवला आहे, हे मान्य करायला हवं. संस्कृतात 'सद्' म्हणजे बसणे, 'अव' म्हणजे खाली. जे खाली बसतं तो अवसाद. लॅटिनमध्ये बसण्याला 'सेडेरे' म्हणतात, त्यावरून इंग्रजीतला सेडिमेंट आला. म्हणजे दोन्ही शब्द मुळातून सख्खे भाऊच. याच धातूची आणखी भावंडं आपण रोज वापरतो: उपनिषद, विषाद, प्रसाद. त्यातला माझा लाडका शब्द 'प्रसन्न'. संस्कृतात तो नितळ पाण्यालाही लावतात. गढूळपणा खाली बसला की पाणी प्रसन्न होतं. म्हणजे अवसाद तळाशी जातो तेव्हा वर प्रसाद उरतो! असो, विषयांतर झालं.

अडचण अशी की, अवसाद म्हटल्यावर बहुतेकांच्या कानात आता हिंदी वाजते, आणि हिंदीत अवसाद म्हणजे नैराश्य. 'अवसादी सूक्ष्मजीव' वाचून कुणी त्या बिचाऱ्यांना समुपदेशन सुचवलं तर दोष वाचकाचा नाही.

गाळ शब्दाला ही अडचण नाही. मरणे-मारणे, पडणे-पाडणे तसं गळणे-गाळणे. आणि गाळताना जे मागे राहतं किंवा तळाशी जातं तो गाळ. 'गाळलेल्या जागा भरा' मधलं गाळणंही तेच, फक्त तिथे शब्द मागे राहिलेले असतात. काही जण म्हणतात, गाळ म्हणजे नुसता चिखल, भूविज्ञानात सेडिमेंटमध्ये वाळू आणि गोटेही येतात. खरं आहे. पण वालुकाश्मालासुद्धा आपण गाळाचा खडक म्हणत आलो आहोत आणि त्यात वाळू आहे म्हणून कुणाचं अडलेलं नाही. कणांच्या आकाराचं वर्गीकरण करणारा शोधनिबंध असेल तर अवसाद ठेवा. तुमच्या लेखात गाळच.

आणि तो एकवचनीच ठेवा. 'अवसादांमध्ये' हे अनेकवचन इंग्रजीतून तसंच्या तसं उतरलंय. आपण 'चिखलांमध्ये पाय रुतले' म्हणत नाही. गाळात, बस.

हा गाळ आहे तरी कसा, हे पाहिलं की पुढचे शब्द आपोआप सुचतात. कॅलिफोर्नियाच्या आखातात ग्वायमास खोरं आहे, सुमारे 2,000 मीटर खोल. तिथे समुद्रतळ फाकतो आहे, पण फटीवर गाळाचं शेकडो मीटर जाड पांघरूण आहे. खालून तापलेलं पाणी या गाळातून वर येतं. पाणबुडीच्या यांत्रिक हाताने तिथे नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला, तर वरच्या टोकाला पांढरा, पिवळा किंवा नारिंगी, कापसासारखा थर दिसतो. हे बेजियाटोआ नावाचे जीवाणू. त्यांचे तंतू इथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके जाड होतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खाली काळा गाळ. त्याला सडक्या अंड्याचा आणि डिझेलचा वास, कारण त्या उष्णतेने गाळातल्या सेंद्रिय पदार्थांचं खरोखरच खनिज तेल होतं. वरचं समुद्राचं पाणी जेमतेम तीन अंश, आणि जिथे पाझर जोराचा आहे तिथे हातभर खाली गेलं की तापमान शंभर अंश सेल्सियसच्या पुढे. इतक्या थोड्या अंतरात थरागणिक रहिवासी बदलतात.

त्या वरच्या थराला इंग्रजीत 'मॅट' म्हणतात म्हणून अनुवादात सर्रास 'सूक्ष्मजीवांची चटई' येते. चटई विणतात आणि अंथरतात. हा थर आपोआप धरतो. मराठीत असं धरणारी गोष्ट म्हणजे साय. 'गाळावर जीवाणूंची साय धरते' म्हटलं तर वाचकाला समजावत बसावं लागत नाही.

आता जंतू की जीवाणू. जंतू नको, तो शब्द आपण रोगाच्या खात्यात टाकून बसलो आहोत, जंतुनाशक, जंतुसंसर्ग. पण जीवाणूही नको, आणि याचं कारण नुसतं भाषेचं नाही. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया. या उष्ण गाळात बॅक्टेरियांइतकाच महत्त्वाचा दुसरा गट आहे, आर्किया. दिसायला दोन्ही सारखेच बारीक, पण कुळं वेगळी, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी 1977 मध्ये दाखवलं. योगायोग म्हणजे त्याच वर्षी 'ॲल्विन' पाणबुडी गॅलापागोस बेटांजवळ उतरली आणि हे खोल समुद्रातले झरे आणि त्यांच्याभोवतीची जीवसृष्टी माणसाने पहिल्यांदा पाहिली. ग्वायमासच्या गाळात तर दोन्ही कुळं एकाच गुठळीत नांदतात: आर्किया मिथेनचं ऑक्सिडीकरण करतात, शेजारचे जीवाणू त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन घेऊन सल्फेटचं सल्फाइड करतात. इथे 'जीवाणू' लिहिलंत तर अर्धं बिऱ्हाड गाळलंत. म्हणून दोघांना मिळून सूक्ष्मजीव.

आर्कियासाठी 'आदिजीवाणू' असा शब्द दिसतो, तो मी टाळतो. त्यातला 'जीवाणू' चुकीचा, आणि 'आदि'ही घोटाळ्याचा. ते आज जगणारे जीव आहेत, आपले खापरपणजोबा नव्हेत. मात्र आपलं कूळ त्यांच्यातूनच फुटलं असावं, असं मानायला सबळ आधार आहे. आर्क्टिकच्या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर 'लोकीचा किल्ला' नावाचा झऱ्यांचा समूह आहे. तिथून सुमारे 15 किलोमीटरवर, तीन किलोमीटरहून खोल तळावरच्या गाळात मिळालेल्या डीएनएतून 2015 मध्ये आर्कियांचा एक नवा गट ओळखला गेला. आपल्यासारख्या केंद्रकधारी पेशींना आजवर सापडलेल्यांत सर्वांत जवळचे नातेवाईक त्याच गोतावळ्यात आहेत. 2015 मधल्या त्या गटाचं नाव लोकीआर्किया. मराठी वाचक 'लोकी' शब्द 'इहलोकी'सारखा वाचणार, तेव्हा हा नॉर्स पुराणातला खोडकर देव आहे एवढं अर्ध्या ओळीत सांगून टाका.

विवराबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. विवर म्हटलं की आधी कृष्णविवर आठवतं, म्हणजे जे सगळं आत ओढतं. इथे तर उलट, आतलं बाहेर येतं. समुद्राचं पाणी भेगांतून खाली मुरतं, शिलारसाच्या धगीने तापतं आणि धातू व गंधकयुक्त वायू विरघळवून वर येतं. पाण्याच्या या खेळाला मराठीत क्रियापदांची कमतरता नाही: मुरतं, पाझरतं, झरतं, उसळतं. गाळातून येतं तेव्हा पाझर म्हणा. मोकळं वाहतं तेव्हा झरा. गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' असा जुना, नेमका शब्दही आहे, आणि मला तो इथे वापरायची फार इच्छा होती. पण 'खोल समुद्रातले उन्हाळे' वाचून लोक ऋतूच समजतील. सोडून दिला.

जिथे पाणी जोराने उसळतं तिथे चिमणीसारखे उंच सुळके असतात. त्यांना इंग्रजीत 'ब्लॅक स्मोकर' म्हणतात. 'कृष्ण धूम्रक' वगैरे घडवू नका; धुरांडं हा शब्द असताना कशाला? काळी धुरांडी. अर्थात त्यातून निघतो तो धूर नव्हेच: गार पाण्यात शिरताच धातूंच्या सल्फाइडचे बारीक कण साकळतात, ते काळे दिसतात. यातले काही कण आसपास बसून गाळात भर घालतात.

एक सावधगिरी. या पाण्याला 'उकळतं' म्हणू नका. 1979 मध्ये पूर्व पॅसिफिक उंचवट्यावर पहिली काळी धुरांडी सापडली, तेव्हा तापमापकाची प्लास्टिकची दांडी वितळून वर आली. नंतर मोजलेलं तापमान 350 अंशांच्या आसपास होतं. तरी वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळत नाही. 'कढत' म्हणा. सूक्ष्मजीव अर्थातच 350 अंशांत राहत नाहीत. प्रयोगशाळेत वाढ दिसली ती 122 अंशांपर्यंत, तीही हिंद महासागरातल्या कैरेई झऱ्यांवरून आणलेल्या एका आर्कियाची, 2008 मध्ये. वस्ती असते ती कढत आणि गार पाण्याच्या सीमेवर, आणि म्हणूनच गाळ महत्त्वाचा: तो ही सीमा पसरट करतो.

तुमच्या लेखात पुढे 'केमोसिंथेसिस' येईलच. त्याला रसायनसंश्लेषण लिहा, 'रासायनिक संश्लेषण' नको. दुसऱ्याचा अर्थ कारखान्यात होतं ते. प्रकाशसंश्लेषणात प्रकाशाच्या ऊर्जेवर अन्न तयार होतं, तसं इथे हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांच्या ऊर्जेवर. समास तोच ठेवला की नातं दिसतं.

राहिला अधिवास. पाठ्यपुस्तकात ठीक आहे, पण मला त्या शब्दाबरोबर दाखल्यावरचा शिक्काच दिसतो. वस्ती म्हणा. मी असं लिहीन: 'समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांभोवती जो गाळ साठतो, त्यात सूक्ष्मजीवांची वस्ती असते.' मूळ लेखात 'ज्वालामुखीजन्य' असं विशेषण असेल तर ते इथे कोंबू नका. पुढच्या वाक्यात, पाणी कशामुळे तापतं हे सांगताना, शिलारस येतोच.