सोलापुरातल्या टॉवेल-चादर कारखान्यांना ऑटोमेशन विकतो. ग्राहकांच्या यशोगाथा कशा तयार कराव्यात?

यशोगाथेची तयारी मशीन बसवण्याआधीच सुरू करा. आधीचे आकडे नसतील तर नंतर कितीही छान लिहा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला मालक पहिला प्रश्न विचारणार, "आधी किती होतं?" म्हणून दर शिफ्टला माग किती वेळा थांबतो, किलोमागे वीज किती लागते, दुय्यम माल किती निघतो, हे महिनाभर टिपून ठेवा.

कारण सांगितलं की आकडा पटतो. उदाहरणार्थ, डाइंग विभागातल्या ब्लोअरला व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग २० टक्के कमी केला, तर वीज साधारण निम्मी लागते, कारण अशा पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. मात्र सगळ्याच मोटारींना हा हिशोब लागू नाही, तेही स्पष्ट लिहा.

मालकापेक्षा जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमाला, बोलू द्या. बसवताना काय अडलं, हे तोच सांगेल आणि तो भाग गाळू नका; विश्वास तिथेच बसतो. मराठीबरोबर तेलुगूतही दोन मिनिटांचा व्हिडिओ करा, इथल्या अनेक विणकर घरांची ती भाषा आहे. लेखी परवानगी घ्या, आणि नवी डिझाइन कॅमेऱ्यात येऊ देऊ नका.