स्वस्त कार्बन चाकं : घ्यावीत की नकोत?

प्रश्न : माझ्या डिस्क ब्रेकच्या रोड बाईकला सोबत आलेली अॅल्युमिनियमची चाकं आहेत. पूर्वी सगळे बजावायचे की स्वस्त कार्बन चाकांच्या वाटेला जाऊ नका. आता मित्र म्हणतात, नामांकित चाकांच्या निम्म्याहून कमी किमतीत तितकीच चांगली मिळतात. खरं का? ५० मिमी खोल रिमची (टायरकडून मध्याकडे इतकी उंच) घेऊ का? चढावर किती फरक पडेल?

उत्तर : मित्रांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि त्याचं मोठं श्रेय तुमच्या डिस्क ब्रेकचं. ते रिमला नाही, चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला धरतात. पूर्वी ब्रेकचे रबर थेट कार्बनच्या रिमवर घासायचे. लांब उतारावर रिम तापली की कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडायचं, कड फुगायची, थर सुटायचे. पावसात तर ब्रेक लागायलाच उशीर. ती उष्णता सोसणारी कड बनवणं हेच खर्चिक कसब होतं आणि स्वस्त चाकं नेमकी तिथे मार खायची. २०१८ मध्ये यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने रोड रेसमध्ये डिस्कला कायमची परवानगी दिली, नव्या बाईक झपाट्याने डिस्कवर गेल्या आणि रिमच्या मागची ही कटकट संपली. चीनमधल्या शियामेनचे कारखाने आता थेट ग्राहकाला चाकं विकतात, त्यामुळे मधली साखळीही गळली.

आकारही सुधारला. जुनी खोल रिम टोकदार, व्ही आकाराची असायची आणि आडवा वारा आला की पुढचं चाक हँडल हिसकायचं. आताची रिम बोथट आणि रुंद असते, त्यामुळे ५० मिमीला घाबरायचं कारण नाही. मात्र तुमचं वजन कमी असेल आणि रस्ता उघड्या माळाचा असेल, तर पुढे ३५-४० मिमीचीच घ्या.

खोलीपेक्षा मी रुंदी आधी बघतो. टायर फुगवून त्याची रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. २८ मिमी लिहिलेला टायर रुंद रिमवर ३० सुद्धा भरतो. रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा साधारण पाच टक्के जास्त हवी, नाहीतर खोल रिमचा हवा कापण्याचा फायदा बराचसा वाया जातो. रिम हुकलेस (टायर अडकवणारी आतली वळलेली कड नसलेली) असेल तर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय. टायर त्या रिमला चालतो का, हे कंपनीच्या यादीत पाहिल्याशिवाय चढवू नका. इथे तडजोड नाही.

चढाचं म्हणाल, तर स्वार आणि बाईक मिळून ८० किलो धरा. चाकांत ४०० ग्रॅम वाचले म्हणजे अर्धा टक्का. तासाभराच्या चढावर फार तर अठरा सेकंद! सपाटीवर वेगात असताना खोल रिम त्याहून जास्त देते. पण टायर जाड आणि कडक असतील, तर आधी चांगले मऊ टायर घ्या, त्यांचा फरक पहिल्याच राईडला कळतो.

स्वस्त आणि महाग चाकांतला फरक आता बांधणीत आणि हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) बेअरिंगमध्ये जास्त दिसतो. चाक हातात आलं की एका बाजूचे स्पोक एकेक करून बोटाने छेडा. आवाज जवळपास एकाच सुरात यायला हवा. मध्येच एखादा भद्द वाजला, तर तो ढिला आहे आणि चाक लवकरच आऊट होईल, म्हणजे फिरताना डुलू लागेल. निपल (स्पोक ताणणारे छोटे नट) रिमच्या बाहेर असतील तर आऊट काढताना टायर उतरवावा लागत नाही. आणि पैसे भरण्याआधी त्याच लांबीचे चार स्पोक सुटे मिळतील का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. कार्बनचे स्पोक असतील तर हे नक्कीच, कारण ते कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.